साखरेच्या गोळीनं शिवलेला कावळा

पाळी गेल्यावर बायकांची हाडं ठिसूळ का होतात आणि त्यावर औषध काय, याचा निकाल मालेगावातल्या एका दोन खोल्यांच्या दवाखान्यात लागायचा होता. तो लागला नाही. त्याला माझी सासू जबाबदार आणि तिच्याबरोबरच्या चार बायका. मी तिथे नर्स होते, त्यामुळे थोडं पाप माझ्याही पदरात पडलं, आणि मी ते अजून झटकलेलं नाही.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. तेव्हा आपलं मालेगाव अकोला जिल्ह्यात होतं. मी बावीस-तेवीस वर्षांची, अकोल्याला नर्सिंग शिकून आलेली आणि लग्न होऊन या शेतकरी पाटलाच्या घरात पडलेली. पांढरं लुगडं नेसून सून पगारावर जाते, हे गावाला पचायला जड गेलं. सासऱ्यांना, म्हणजे मामाजींना, तर फारच. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की घरात कोणी दुखण्यानं पडलं, घरचं काही अडलं, की नोकरी बंद. सासू तेव्हा चुलीजवळ बसली होती. तिनं मान वर न करता सांगितलं की काही अडत नाही, जाऊ द्या तिले.

सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणतात, मीही म्हणत असे. वय असेल सत्तावन्न-अठ्ठावन्न, जन्मतारीख कोणाला ठाऊक. एके काळी घरात सगळ्यांत उंच त्याच होत्या, सासऱ्यांपेक्षाही दोन बोटं जास्त, आणि हे सासऱ्यांना आवडत नसे. मी आले तेव्हा त्यांची पाठ वाकायला लागली होती. एकदा अंगणात नुसता पाय घसरला, हात टेकला, तर मनगट मोडलं. हाडवैद्यानं कांडवेलाचा लेप लावून बांबूच्या कामट्या बांधल्या. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. मग मी हट्टानं त्यांना आमच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर तिशीचे, बिनलग्नाचे, नागपूरला शिकलेले. हुशार माणूस, पण बायकांशी बोलताना भिंतीकडे बघायचे. त्यांनी आत्याबाईंच्या पाठीवरून हात फिरवला आणि मला आत बोलावून सांगितलं की मणके दबत चालले आहेत, वजन उचलू देऊ नका. आणखी एखादा खचला तर बाई खाटेला खिळेल आणि पुन्हा उठायची नाही. मी आत्याबाईंना सांगितलं, वजन उचलू नका. त्या म्हणाल्या, बरं. झालं माझं काम. पण त्या दिवशी मी रस्ताभर पदर डोळ्यांना लावत घरी गेले. सासूसाठी सून रडते म्हटलं तर लोक खोटं म्हणतील, म्हणून कोणाला बोलले नाही. मला आई नव्हती. ही बाई खाटेला खिळली तर मला परत कोणी राहणार नाही, एवढंच मनात येत होतं.

अशात डॉक्टरांच्या एका मित्राचं नागपूरहून पत्र आलं. तो तिथे मोठ्या दवाखान्यात होता. पाळी गेली की बाईच्या अंगात तयार होणारा एक रस आटतो, आणि जुन्या भिंतीतला चुना झडावा तसा हाडातला चुना झडायला लागतो, असं आता मोठमोठे डॉक्टर म्हणतात. तो रस बाहेरून गोळीतून दिला तर हाडं टिकतील का, हे त्याला खेड्यातल्या बायकांवर पाहायचं होतं. पत्रामागून दोन बरण्या आल्या. एकीत खऱ्या गोळ्या, दुसरीत नुसत्या साखरेच्या. दिसायला दोन्ही सारख्याच पिवळ्या. बारा बायका घ्यायच्या, सहांना खरी गोळी, सहांना साखरेची, आणि कोणाला कोणती ते त्यांना सांगायचं नाही. तीन आठवडे गोळी, एक आठवडा सुट्टी, असं चालवायचं. मग कोणाची पाठ कमी दुखते ते लिहून काढायचं.

बाजाराच्या दिवशी डॉक्टरांनी बाराजणींना ओसरीवर बसवलं आणि भिंतीला उद्देशून सगळं नीट समजावलं. काही गोळ्यांत औषध आहे, काहींत साखर. बायकांनी माना डोलावल्या. एकीनं विचारलं, साखरेच्या हायेत तं दोन दोन कायले देत नाही. डॉक्टरांनी मला सांगितलं, सिस्टर, यांना तुम्हीच समजवा. आणि आत निघून गेले.

कोण कोणत्या बरणीत, हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. चिठ्ठ्या मीच उचलल्या. आत्याबाईंची चिठ्ठी साखरेच्या वाट्याला आली. ती हळूच परत टाकून दुसरी उचलावी असं माझ्या अगदी बोटांपर्यंत आलं होतं, आणि डॉक्टर चष्मा पुसत होते, म्हणजे त्यांना दिसलंही नसतं. पण मी नाही केलं. नंतर मात्र त्यांच्यामागे लागले की माझ्या सासूला खरी द्या. ते म्हणाले, मग हे शास्त्र नाही, नातेवाइकी झाली. मला राग आला. शास्त्राला सासू नव्हती, मला होती.

खऱ्या गोळीची एक खोड डॉक्टरांनी मला आधीच सांगितली होती. सुट्टीच्या आठवड्यात काही बायकांना पुन्हा पाळी येऊ शकते. रोग नाही, औषधाचाच परिणाम, घाबरू नये असं त्यांना सांगा. हे बोलताना ते इतके लाल झाले की मलाच त्यांची कीव आली. आता मी तरी काय, कालची पोर, साठीला टेकलेल्या बायकांना आणि त्यांत आपल्या सासूला, हे सांगायचं कसं. मी लुगड्याचा काठ चाचपत पुटपुटले की कोणाला कावळा शिवला तर भिऊ नका. बायका एकमेकींकडे पाहून हसल्या. त्यांना वाटलं, नर्सबाई थट्टा करून राह्यली.

पहिली सुट्टी आली आणि कासाराची म्हातारी दवाखान्यात शिरली ती ओरडतच. नातवाचं लग्न ठरलं होतं आणि आजी बाहेर बसली होती. सून काय म्हणेल, व्याही काय म्हणतील. डॉक्टर आतल्या खोलीत जाऊन कडी लावून बसले. मी तिला पाणी दिलं, समजावलं, आणि ती गेल्यावर पोट धरून हसले. त्या सुट्टीत पाचजणी बाहेर बसल्या, दुसऱ्या सुट्टीत सहाही. सगळ्या खऱ्या गोळीच्या. साखरेच्या सहांपैकी एकही नाही. डॉक्टर खूश. पाठींचं काय व्हायचं ते होवो, गोळ्या आपापल्या पोटात गेल्या हे तर कळलं.

पण ओसरीवर वेगळंच शिजायला लागलं होतं, आणि ते माझ्या नंतर लक्षात आलं. बाहेर बसणं म्हणजे काय, हे आजच्या पोरींना सांगावं लागेल. चार दिवस बाईनं चुलीकडे जायचं नाही, पाण्याला शिवायचं नाही, जात्याला हात लावायचा नाही. गोठ्याच्या बाजूच्या खोलीत चटईवर पडायचं आणि दुरून वाढलेलं खायचं. घरचं पाणी त्या चार दिवसांत भाऊबंदांतली बाई भरून देते, आमच्याकडे शेजारची माझी चुलत जाऊ भरायची. तरणेपणी बायकांना याचा वीट येतो. मी स्वतः तर घरी बाहेर बसायची आणि दवाखान्यात जाऊन गावभराच्या नाड्या धरायची, आणि सासरे ते ठाऊक नसल्यासारखं दाखवायचे. पण ज्या बायकांचे हे चार दिवस दहा वर्षांपूर्वी बंद झाले होते, त्यांना ते परत मिळाले होते. कासाराची म्हातारी दुसऱ्या खेपेला रडत आली नाही. ती ओसरीवर बसून बाकीच्यांना सांगत होती की चार दिवस कशी निवांत झोपले, सून कशी दात ओठ खात राबली. साखरेवाल्या बायका मन लावून ऐकत होत्या.

तिसऱ्या सुट्टीत मी दवाखान्यातून घरी आले तर आत्याबाई गोठ्याच्या खोलीत. चुलत जाऊ घागर घेऊन आत-बाहेर करत होती आणि तोंडाला पदर लावून हसत होती. सासरे अंगणात बाजेवर बसले होते, चेहरा असा की कोणी भर चौकात त्यांचं धोतर ओढलं आहे. या वयात हे काय. पाणवठ्यावर बाया म्हणून राह्यल्या की पाटलाच्या घरी आता म्हाताऱ्याचा पाळणा हलते. ते मला काही विचारू शकत नव्हते आणि विचारल्याशिवाय राहवतही नव्हतं. शेवटी त्यांनी आभाळाकडे पाहून विचारलं की हे गोळीनंच होते ना. मी हो म्हणाले.

हो म्हणाले, पण ते खोटं होतं. कारण गोळीनं ते होणं शक्यच नव्हतं. आत्याबाईंच्या पोटात जवळजवळ तीन महिने साखर जात होती, मी माझ्या हातानं पुड्या बांधल्या होत्या. पाळी जाऊन आठ-दहा वर्षं झालेल्या बाईला औषधाशिवाय रक्त जातं, याचा अर्थ काय होतो हे अकोल्याला आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. गर्भाशयाचा कॅन्सर. दुसरी शक्यता एवढीच की माझ्या हातून पुड्या बदलल्या. मी देवाजवळ मागत होते की पुड्या बदललेल्या असू देत. नर्सनं असं मागू नये, पण मी मागितलं. सकाळी दवाखान्यात जाऊन बरण्यांतल्या गोळ्या मोजल्या. चूक नव्हती.

त्या दुपारी मी डॉक्टरांना खोटं सांगून लवकर निघाले. गोठ्याच्या खोलीत शिरू नये, शिवू नये, हे सगळं उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि आत जाऊन दार लोटलं. आत्याबाई चटईवर पाठ सरळ टेकून उताण्या पडल्या होत्या, डोळे मिटून, आणि भाजलेले शेंगदाणे एकेक करून तोंडात टाकत होत्या. इतक्या सुखात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी त्यांचा हात धरला आणि मला रडूच आलं. म्हटलं, आत्याबाई, उद्या अकोल्याला जायचं, मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं, मामाजींना मी बघते, तुम्ही नाही म्हणायचं नाही.

त्यांनी एक डोळा उघडला. "काहून? मले काय झालं?"

मी सांगितलं. गोळ्या साखरेच्या होत्या हे सांगायचं नव्हतं, तेही सांगितलं.

"ते मले पयल्याच दिशी समजलं वं," त्या म्हणाल्या. "जिभीवर ठेवली अन् गोड लागली. साखर कोनाले ओळखू येत नाही?"

मला काही कळेना. मग हे काय म्हणून मी खोलीकडे, चटईकडे हात केला.

आत्याबाई उठून बसल्या नाहीत. पडल्या पडल्याच सांगितलं की काही झालेलं नाही, ना रक्त ना काही. दोन सुट्ट्या त्या बाकीच्या बायकांचं ऐकत होत्या. तिसऱ्या सुट्टीला त्या सकाळी घागर उचलायला वाकल्या तेव्हा पाठीतून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे अंधारी आली. घागर खाली ठेवली आणि चुलत जावेला हाक मारून सांगितलं, मले कावळा शिवला.

मी हसायला लागले. कॅन्सर नव्हता. मी तोंडात पदर कोंबून इतकी हसले की त्याही हसायला लागल्या आणि शेंगदाणा घशात जाऊन ठसका लागला. त्यांची पाठ चोळत मी म्हटलं, पाठ दुखते म्हणून सरळ सांगायचं होतं घरात, एवढं नाटक कशाला.

त्यांचं हसू गेलं. "दुखते म्हनलं असतं तं पानी कोनं आनलं असतं? तुले घरी बसवलं असतं. कावळ्यानं कोनाची नोकरी जात नाही."

विहीर घरापासून दोन फर्लांगांवर होती. सकाळी सहा घागरी, संध्याकाळी चार. ते पाणी आत्याबाई आणतात हे मला माहीत नव्हतं, असं मी म्हणणार नाही. माहीत होतं. मी सकाळी पांढरं लुगडं नेसून, वेणी घालून निघायची तेव्हा त्या दुसऱ्या खेपेहून परत येत असायच्या, आणि मी त्यांना वाट द्यायची. रात्रीच्या भाकरी मी थापायची, म्हणून स्वतःला मोठी कामाची सून समजायची. वजन उचलू नका, हे त्यांना सांगितलं होतं तेही मीच. मला त्या खोलीत लाज वाटली. मी नुसती त्यांची पाठ चोळत राहिले.

सुट्टीचा आठवडा संपला तो बाराजणींच्या पाहणीचा दिवस होता. डॉक्टर वही उघडून एकेकीचं लिहायला लागले आणि त्यांचा चष्मा नाकावरून खाली यायला लागला. खऱ्या गोळीच्या सहाही बाहेर बसून आलेल्या. साखरेच्या पाचजणींच्या पुढेही तेच. पाठ दुखते का? चार दिवस पडून राहिलेल्या अकराजणींनी सांगितलं, लय आराम हाय. डॉक्टरांनी वही मिटली, पुन्हा उघडली.

"सिस्टर, साखरेनं पाळी येते असं तुम्ही कुठे वाचलंय का?"

मी गंभीर चेहऱ्यानं नाही म्हणाले. ते बिचारे बरणीतली एक गोळी चघळून पाहत होते. बाराजणींत एकच बाई अशी होती जिला कावळा शिवला नव्हता आणि जिची पाठ तशीच दुखत होती. ती खालच्या आळीतली विधवा, एकटी राहायची. तिनं बाहेर बसायचं तरी कोणाच्या चुलीपासून, आणि तिचं पाणी भरायला तिच्या घरी दुसरं होतं कोण. तिनं खरं सांगितलं होतं, आणि शास्त्राला उपयोगी पडेल अशी तीच एक निघाली होती.

बायका गेल्यावर मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. वाटलं होतं चिडतील. त्यांनी भिंतीकडे बघत वही कपाटात टाकली. मग म्हणाले, हे नागपूरला लिहिता येत नाही. मी म्हटलं, का नाही, लिहा की अकराजणींना चार दिवस कोणी पाण्याला धाडलं नाही आणि अकराही जणींची पाठ कमी दुखली. ते म्हणाले, हे औषध नाही, सिस्टर. मी म्हटलं, मग काय आहे. ते बरण्यांची झाकणं घट्ट करायला लागले. बरण्या खोक्यात घालून परत पाठवायचं ठरलं.

खोक्याला दोरी बांधण्याआधी मी साखरेच्या गोळ्यांची एक मोठी पुडी बाजूला काढली. डॉक्टरांनी पाहिलं आणि विचारलं, ही कोणाला. मी सांगितलं, माझ्या सासऱ्यांसाठी एक चिठ्ठी लिहून द्या. तोंडी सांगितलेलं त्यांच्या डोक्यात शिरत नाही, पण शिक्का मारलेल्या कागदाला ते मान देतात. गोळी चालू असेपर्यंत बाईनं घागर उचलायची नाही, नाहीतर गोळी अंगावर उलटेल. डॉक्टर म्हणाले की हे खोटं आहे. मी म्हटलं, घागर उचलायची नाही हे खरं आहे ना, मग उरलेलं माझ्यावर सोडा. त्यांनी लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी भिंतीऐवजी माझ्याकडे पाहिलं, आणि हसले.

सासऱ्यांनी ती चिठ्ठी दोनदा वाचून घेतली, एकदा माझ्या नवऱ्याकडून, एकदा गुरुजींकडून. गोळी कधी संपते, विचारलं. मी म्हटलं, संपत नाही. उलटेल म्हणजे काय होईल, विचारलं. मी आभाळाकडे पाहिलं. पाणवठ्यावरचं बोलणं त्यांना पुन्हा ऐकायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता, गाव जागं व्हायच्या आत, त्यांनी घागर खांद्यावर घेतली आणि मागच्या वाटेनं विहिरीकडे गेले. आत्याबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मी चुलीत काटक्या घालत होते, तशीच उठून त्यांच्यामागे उभी राहिले. मला हसू दाबता येत नव्हतं.

सासरे परत आले तेव्हा अर्धं पाणी अंगावर सांडलं होतं. त्यांनी घागर ओट्यावर ठेवली, कंबरेवर दोन्ही हात ठेवले आणि श्वास घेत उभे राहिले. तीस वर्षं कापसाची गाठोडी उचललेला माणूस. म्हणाले, "इतकं जड असते हे? तू कधी सांगतलं नाही."

आत्याबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्या मागे वळल्या, माझ्या पांढऱ्या लुगड्याकडे पाहिलं, आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "तुमी तं शेतकरी मानूस. हे नर्स हाय, इनंबी कधी इचारलं नाही."

मी दुसरी रिकामी घागर उचलली आणि विहिरीची वाट धरली.